निळे चौकोन कोरे ठेवले

मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. आमच्या गल्लीतल्या बायका भांडण मिटलं की म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. माझं काही गंगेला मिळत नाही. कोण काय बोललं, बोलताना हसलं की नाही, तेव्हा तिथे कोण कोण उभं होतं, हे मला वर्षांनंतरही सांगता येतं. नवरा म्हणतो, "तुनं डोकं म्हनजे पोलीस ठानं शे." म्हणू दे.

ही गोष्ट मी एका बाईचं उट्टं काढलं त्याची आहे. ते कसं काढलं याचा मला अजूनही अभिमान वाटतो. त्यापायी पुढे काय झालं तेही सांगणार आहे, कारण अर्धीच गोष्ट सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला फार राग येतो.

लग्न होऊन धुळ्याकडच्या खेड्यातून सुरतेला आले तेव्हा आम्ही नवागामच्या एका खोलीत राहायचो. नवरा लूमवर जायचा आणि मी घरी साड्यांचे धागे तोडायची. सुरतेत बायकांना हे काम दारात येऊन मिळतं. भरतकामाच्या मशीनवरून साडी निघते तेव्हा तिच्या उलट्या अंगाला सुटे धागे लोंबत असतात. ते छोट्या कात्रीने कापायचे, साडी झटकायची, घडी करायची, पुढची घ्यायची. बारा वर्षं मी हे केलं. मान मोडायची, डोळ्यांतून पाणी यायचं आणि संध्याकाळी भाकरीच्या पिठातसुद्धा जरीचा एखादा तुकडा चमकायचा. ते काम कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही. पण त्यातून बाहेर यायला मला बारा वर्षं लागली, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

बाहेर काढलं ते गोधडीने. गोधडी मला आईने शिकवली. तिचा धावदोरा इतका बारीक असायचा की माहेरच्या बायका लांबूनच ओळखायच्या, ही अमकीच्या हातची. माझाही तसाच पडतो. डिंडोलीत घर झाल्यावर मी शेजारपाजारच्या बाळंतिणींना गोधड्या शिवून देऊ लागले. त्यातली एक माझ्या शेजारणीने तिच्या कामावर नेली. ती अडाजणला, तापीच्या पलीकडे, एका बंगल्यात धुणीभांडी करायची. तिथल्या मालकिणीने ती गोधडी पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावणं आलं.

त्या मालकिणीला सगळे बेन म्हणायचे, म्हणून मीही बेन म्हणते. बंगल्याच्या तळमजल्यावर तिचं दुकान होतं. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावरचे कपडे, सगळं एकाच जातीच्या कापडाचं: निम्मं लिनन, निम्मं सुती. आमच्या सुरतेत लिनन या नावाखाली जे विकलं जातं त्यातलं बरंचसं पॉलिएस्टर असतं. धागा काढून काडीने पेटवला की त्याचा काळा मणी होतो आणि प्लॅस्टिकचा वास सुटतो. बेनच्या कापडाचा धागा मी पहिल्या दिवशी तिच्यासमोरच जाळून पाहिला. त्याची मऊ राख झाली आणि कागद जळाल्यासारखा वास आला. बेन हसली. म्हणाली, "मासी, तमे तो बहु पाक्कां छो." तुम्ही तर अगदी पक्क्या निघालात. मासी म्हणजे आपली मावशी. तेव्हापासून मी तिच्याकडे मासीच राहिले. माझं नाव काय, हे तिने विचारलं नाही.

तिला त्या कापडाचे चौकोन जोडून मोठे क्विल्ट हवे होते. निळा, पांढरा, मातकट असे रंग, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली सुती अस्तर आणि वरून आमचा धावदोरा. गोधडीच ती, फक्त नव्या कापडाची.

आणि मी पहिल्याच कामात तोंडावर आपटले. ती चूक गोधडी शिवणाऱ्या बाईनेच करावी अशी होती. गोधडी जुन्याची असते. आईची साडी, बापाचं धोतर, फाटका परकर, सगळं शंभरदा धुतलेलं. ते कापड जेवढं आटायचं तेवढं केव्हाच आटून बसलेलं असतं. माझ्या आईने, तिच्या आईने जन्मात कधी कोऱ्या कापडाची गोधडी शिवली नव्हती. धडधाकट कापड कापून त्याचे तुकडे जोडायचे म्हणजे त्यांच्या लेखी माज होता. त्यामुळे कापड आधी भिजवावं लागतं, हे मला कुणी सांगायचा प्रश्नच आला नाही. मी बेनचं कोरं कापड कापलं आणि शिवलं.

वाचले ते आमच्या घरच्या एका रीतीमुळे. नवी गोधडी दुसऱ्याच्या हाती द्यायच्या आधी आम्ही ती एकदा धुऊन उन्हात घालतो, शिवणारीचा घाम पुढच्याच्या अंगाला लागू नये म्हणून. मी धुतली, दोरीवर टाकली आणि वाळल्यावर पाहिली. वरचं कापड हातामागे दोन बोटं आटलं होतं. खालचं अस्तर तेवढं आटलं नव्हतं. सगळी गोधडी तळलेल्या पापडासारखी वेडीवाकडी उभी राहिली होती. ती मी बेनला दाखवलीच नाही. कापडाच्या ताग्यातून उरलेलं घेऊन पुन्हा सुरुवात केली.

मग मी त्या कापडाच्या मागेच लागले. कोमट पाण्यात दिवसभर भिजवलं की त्याची खळ सुटते आणि पाणी पिवळसर होतं. ते फेकायचं, पुन्हा भिजवायचं. पिळायचं नाही, पिळलं की लिननला घड्या पडतात आणि त्या जन्मभर जात नाहीत. सावलीत वाळत घालायचं आणि थोडं ओलसर असतानाच कडक इस्त्री फिरवायची. कापताना कापड ताणायचं नाही, ते तिरपं पळतं. कडा इतक्या सुटतात की सुती कापडाला पाव इंच शिलाई सोडतो तिथे याला अर्धा इंच सोडावी लागते. सुई दर दोन दिवसांनी नवी. हे मला कुणी शिकवलं नाही. माझं कापड, माझी बादली आणि माझी बोटं, यांच्यात सहा महिने जुंपली होती, त्यातून हे मिळालं.

आणि मी मूर्खासारखं ते सगळं बेनला शिकवलं. तिने शेजारी बसून वहीत उतरवून घेतलं, मध्येमध्ये चहा दिला, बिस्किटं दिली. मला वाटलं, बाई शिकतेय, चांगली आहे. गरज सरो आणि वैद्य मरो, हे मला पुढे कळायचं होतं.

क्विल्ट लोकांना आवडले. बेन गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायची की घरी मशीनमध्ये धुवा, काहीही होणार नाही. खरंच काही व्हायचं नाही, कारण प्रत्येक तुकडा माझ्या बादलीतून दोनदा गेलेला असायचा. मला अभिमान वाटायचा. मला एकच गोष्ट हवी होती, ती इथे स्पष्ट लिहिते. कुणी विचारलं की हे कुणी शिवलं, तर तिने माझ्याकडे बोट दाखवावं. माहेरी आईकडे दाखवायचे तसं. बाकी काही नको होतं.

मग शहरातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. बेनने मला घड्या घालायला आणि इस्त्री करायला सोबत नेलं. एक परगावची बाई आली, तिने क्विल्ट उलटा करून मागचा टाका पाहिला. मागचा टाका पाहणारी बाई जाणकार असते. तिने विचारलं, हा हात कुणाचा? मी इस्त्री खाली ठेवली. बेन म्हणाली, "आ मारा हाथनी छे." आणि त्या बाईची नजर माझ्याकडे वळली तसं लगेच पुढे म्हणाली, "आ तो अमारां मासी छे. दोरा कापे छे."

धागे कापते. बारा वर्षं जे करून मी बाहेर आले होते, नेमकं तेच तिने माझ्या अंगावर टाकलं. तिला ते माहीत होतं, मीच कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण हॉल लोकांनी भरलेला होता आणि माझ्या तोंडून गुजराती रागात निघत नाही. मी इस्त्री उचलली.

काही दिवसांनी बेनने फोनवर टाकायला व्हिडिओ काढायचं ठरवलं. क्विल्ट शिवतानाचे हात जवळून दाखवायचे होते. तिने स्वतः सुई धरून पाहिली, पण तिचा टाका वेडावाकडा पडला. मग तिने मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, मासी, तुमच्या काचेच्या बांगड्या जरा काढा ना. मी काढल्या. तिने स्वतःच्या हातातलं सोन्याचं कडं काढून माझ्या मनगटात घातलं, अंगठीही घातली. मी शिवत राहिले, तिने व्हिडिओ काढला. झाल्यावर कडं परत घेतलं आणि रुमालाने पुसून मग हातात घातलं.

माझी लेक तेव्हा लग्नाची होती. आठवड्याने तिने फोनवर मला काहीतरी दाखवलं. आधी बेनचा हसरा चेहरा, मग शिवणारे हात, मग पुन्हा बेनचा चेहरा. लेकीने व्हिडिओ थांबवला, बोटाने मोठा केला. "मम्मी, हाऊ तुना हात शे ना?" माझ्या डाव्या अंगठ्यावर कात्रीचा जुना व्रण आहे, तो तिला लहानपणापासून पाठ आहे. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग तू काय करशी आते?"

मी म्हटलं, बघू. पण त्याच क्षणी मी ठरवून टाकलं होतं की हिची जिरवायची. भांडून नाही. भांडले असते तर तिने दुसरी बाई आणली असती आणि माझं भांडण माझ्याच घरात राहिलं असतं. तिला जिथे लागेल तिथेच मारायचं होतं आणि ती जागा मला अजून सापडली नव्हती.

ती तिनेच दाखवली. तिच्या मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. मुलीची सासू, म्हणजे बेनची विहीण, गुजरातीत वेवाण, मोठ्या घरची आणि बारीक नजरेची. बेन कुणाला घाबरत असेल तर या एका बाईला. तिच्यासाठी बेनला पलंगभर मोठा क्विल्ट करायचा होता, निळा आणि पांढरा, चौकोनाला चौकोन लावून. "वेवाणने कहेवानुं छे के में जाते बनावी," ती मला सरळ म्हणाली. विहिणीला सांगायचंय की मी स्वतः बनवला. एवढी माझी किंमत, की खोटं बोलायच्या आधी माझ्यापासून लपवायचीही गरज वाटली नाही.

मी कापड घरी आणलं. पांढरं नेहमीसारखं दोनदा भिजवलं, सावलीत वाळवलं. निळं तसंच ठेवलं. कोरं. पाण्याचा एक थेंब त्याला लागू दिला नाही. कोऱ्या कापडाचा कडकपणा हाताला कळला असता, म्हणून प्रत्येक निळा चौकोन तळव्यांत धरून चोळला, इतका की तो धुतल्यासारखा मऊ झाला. माझे तळवे निळे पडले. लेकीने विचारलं, "हाई काय करी ऱ्हायनी?" मी म्हटलं, काम.

मग शिवायला बसले आणि खरं सांगते, त्याच्याइतकं चांगलं मी आयुष्यात कधी शिवलं नाही. वाईट काम वाईट हाताने करण्यात काय अर्थ? तिने ते उलटं-सुलटं पाहायला हवं होतं, विहिणीने मागचा टाका पाहायला हवा होता. चौकोनांची टोकं एकमेकांना अशी भिडवली की मध्ये केस जाणार नाही. धावदोरा तांदळाच्या दाण्याएवढा. कडेला निळा गोट, चारी कोपरे काटकोनात. शिवताना आई आठवायची आणि मी तिला मनातल्या मनात गप्प बसवायचे. ती असती तर म्हणाली असती, भांडण माणसाशी कर, कापडाने तुझं काय घेतलंय? मला तेव्हा तिचं ऐकायचं नव्हतं. प्रत्येक निळ्या चौकोनापाशी मला बरं वाटत होतं. दात दुखत असताना त्यावर जीभ दाबून धरल्यावर वाटतं ना, तसं बरं.

देण्याआधी धुवायची आमची रीत मी त्या वेळी मोडली. घाम तसाच राहू दिला. बेनने क्विल्ट पाहिला, गालावरून फिरवला आणि म्हणाली, "मासी, तमे तो कमाल करी." मी मान खाली घालून हसले.

मग वाट पाहणं आलं. कोरा क्विल्ट पहिल्या धुण्यापर्यंत राजा असतो. विहिणीने तो पाहुण्यांना दाखवला, पलंगावर घातला, बेनचं कौतुक केलं. ते कौतुक बेन मला येऊन सांगायची आणि मी आतल्या आत मोजायची, उन्हाळा गेला, आता दमट दिवस येतील, कापडाला वास लागेल, आता धुतील. दिवाळीच्या साफसफाईत तर नक्की. दर शनिवारी बंगल्यावर जाताना वाटायचं, आज कळणार. आता शनिवारी तिथे वर्गही सुरू झाला होता. बेन आठ बायकांना क्विल्ट शिकवायची. माझ्याकडून वहीत उतरवलेलं वाचून दाखवायची आणि मी कोपऱ्यात कापडाला इस्त्री करायची, सुया ओवून द्यायची.

दिवाळीच्या अलीकडच्या शनिवारी विहीणबाई आल्या. वर्ग चालू होता. हातात मोठी पिशवी होती. चेहऱ्यावर राग नव्हता, त्या नुसत्या बुचकळ्यात पडलेल्या दिसत होत्या. त्यांनी क्विल्ट बाहेर काढून कापायच्या टेबलावर पसरला. पसरला म्हणजे, पसरेना. निळे चौकोन आत ओढले गेले होते आणि त्यांच्यामधले पांढरे पुरीसारखे टम्म फुगले होते. कडेचा गोट नागमोडी झाला होता. एक कोपरा वर उचलला होता आणि हाताने दाबला तरी पुन्हा वर येत होता.

मला आनंद झाला. तो लपवून मी काय करू? गरम इस्त्री हातात होती आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"वेवाण, तमे कहेलुं के धोवाय," विहीणबाई म्हणाल्या. तुम्हीच म्हणाला होतात की धुता येतो.

आठही बायका बेनकडे पाहत होत्या. बेनचा रंग उडाला. मी याच घडीची वाट पाहिली होती, एवढे महिने. मला वाटलं, आता ही तोंडघशी पडते. मारा हाथनी, मारा हाथनी म्हणत होतीस ना? घे, तुझ्या हातची.

बेनने श्वास घेतला आणि वळून माझ्याकडे बोट दाखवलं. "आ में नथी बनावी. आमणे बनावी छे." हा मी नाही बनवला, यांनी बनवलाय. आणि तिने माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट, नीट, एकही अक्षर न चुकता. चार वर्षं मला वाटत होतं, हिला माझं नाव ठाऊकच नाही. ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. फक्त लागलं आज.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आठ बायकांनी पाहिलं. ज्यासाठी मी जीव टाकत होते ते झालं होतं: हे कुणी शिवलं, आणि बोट माझ्याकडे. बेन मात्र थांबली नाही. वर्गातल्या बायकांकडे वळून म्हणाली, म्हणूनच मी सांगते, कापड आधी धुवायचं. या लोकांना कितीही समजावा, डोक्यात जात नाही. माझी बादली, माझं पिवळं पाणी, माझा पापडासारखा वाकडा झालेला पहिला तुकडा, आणि ही मला शिकवणार.

त्या क्षणी माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसले तर जन्मभर अडाणी, जिला कापड भिजवायचंही कळत नाही. बोलले तर कपटी. मी इस्त्री उभी करून ठेवली, टेबलापाशी गेले आणि म्हटलं, "भूल नथी थई. जाणीजोईने कर्युं छे." चूक झालेली नाही. मी हे मुद्दाम केलंय. त्या दिवशी माझी गुजराती कुठेही अडखळली नाही.

मी विहीणबाईंचा हात धरला आणि निळ्या चौकोनावर ठेवला, मग पांढऱ्यावर. म्हटलं, न कळणाऱ्या बाईने सगळंच कापड कोरं ठेवलं असतं आणि वरचं सगळंच सारखं आटलं असतं. इथे फक्त निळे आटलेत. एक सोडून एक, सगळेच्या सगळे. असं चुकून होतं का? कोणता तुकडा किती आटेल हे ठाऊक असणारा हातच हे करू शकतो. आणि या घरात असा हात एकच आहे.

विहीणबाईंनी क्विल्ट उलटा केला, मागचा टाका पाहिला, बराच वेळ पाहिला. मग बेनला विचारलं, "तो बीजी बधी पण आमणे ज बनावेली?" मग बाकीचे सगळेही यांनीच शिवलेले? बेन टेबलावरच्या टाचण्या गोळा करून डबीत टाकू लागली, आणि त्यातल्या निम्म्या बाहेरच पडत होत्या. ते हात मी डोळे भरून पाहिले. कडं हातात होतंच.

मग विहीणबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता म्हणतील, अन्याय झाला तुमच्यावर. त्या म्हणाल्या, "हाथ सारो छे तमारो. पण तमारा हाथनुं हवे हुं न ओढुं." हात चांगला आहे तुमचा. पण तुमच्या हातचं मी आता पांघरणार नाही.

क्विल्ट त्यांनी परत नेला नाही. मी माझी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. अडाजणहून बसने येताना तापीच्या पुलावर मी खिडकीतून पाहत होते आणि मला हसू येत होतं. पस्तावा? नाही. आजही नाही. कुणी मला म्हणालं की तसं करायला नको होतं, तर मी त्याला विचारते, तुझ्या मनगटात कुणी कडं घालून परत पुसून घेतलंय का?

बेनचं दुकान अजून चालतं. वर्ग बंद पडला, पण दुकान चालतं. कतारगामची एक बाई आता तिचं शिवते असं ऐकलं. तिला कुणी मासी म्हणत असेल. शेजारणीने, जिने मला तिथे नेलं होतं, सगळी गोष्ट तिखटमीठ लावून गल्लीत सांगितली आणि काही दिवस मी डिंडोलीत झाशीची राणी होते. बायका मुद्दाम थांबवून विचारायच्या, निळे कसे ठेवले, पांढरे कसे, आणि तिचं तोंड कसं झालं. मी करून दाखवायची. हसून हसून पोट दुखायचं.

मग मला हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. गोधडी सांगायला येणाऱ्या बायका कापडाची पिशवी द्यायच्या आणि जाता जाता हसत म्हणायच्या, "मावशी, तुमच्याशी भांडण नाही ना माझं?" मी म्हणायची, नाही गं बाई. त्यांना माझं म्हणणं पटायचं, पण तरी पुढच्या वेळी कापड स्वतःच धुऊन आणायच्या. एकीने तर गोधडी नेताना माझ्यासमोरच कोपरा ओला करून पाहिला, आणि चुकून पाणी सांडलं असं म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही पाहिलं असतं.

गेल्या महिन्यात लेक बाळंतपणाला आली. उधन्याला दिलीय तिला, फार लांब नाही, तरी पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यातच घेऊन आले. तिच्या बॅगेत बाळाच्या गोधडीसाठी कापड होतं. सासूची एक जुनी मऊ साडी आणि एक नवा तुकडा, लिनन-सुतीच, फिका पिवळा, तिने हौसेने विकत घेतलेला. मी तो हातात घेतला. किती दिवसांनी ते कापड माझ्या हाताला लागत होतं. मी लगेच उठले, पाणी कोमट केलं आणि बादली भरली.

ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. तिथूनच म्हणाली, "ऱ्हाऊ दे मम्मी. धुईसनच आनेल शे. दोन डाव." धुऊनच आणलंय, दोनदा.

मी म्हटलं, "कोनी सांगं तुले?" कुणी सांगितलं धुवायला? तुझ्या सासूने?

"कोनी नही," ती म्हणाली. तिने पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, मायेनेच पाहिलं. "मालेच भ्याव वाटनं." मलाच भीती वाटली.

मी ते कापड नाकाशी नेलं. साबणाचा वास येत होता. हलक्या हाताने, न पिळता धुतलं होतं, एकही घडी पडली नव्हती, मी शिकवलं तसंच. मी बादली उचलली आणि पाणी मोरीत ओतून दिलं.